साठची नोट कोण छापतं?

माझ्याकडे साठची एक नोट आहे. हो, साठ. कुणालाही दाखवली की आधी हसतात, मग उलटीपालटी करून बघतात, आणि एका मित्राने तर सरळ विचारलं की ही व्यापार डावातली आहे का. वीस असते, पन्नास असते, शंभर असते, मध्येच साठ कुठून आली? आणि अल्बममध्ये तिच्या शेजारी तीसची बसलेली आहे, कॅटलॉग उघडला तर तीनशे आणि सहाशेसुद्धा दिसतात. सगळ्यांवर तारीख एकच, २ जानेवारी १९५९. आणि या कुठल्या लांबच्या बेटावरच्या नाहीत बरं का, सावंतवाडीहून गाडी काढली तर दुपारच्या जेवणाआधी पोचाल त्या आपल्या गोव्यातल्या आहेत. बँक मात्र लिस्बनची.

मी बरीच वर्षं फक्त पोर्तुगीज इंडियाच्या नोटा जमवतो. फक्त. सुरुवात सगळ्यांसारखीच नाण्यांपासून झाली, मग दिसेल त्या देशाची नोट घेत सुटलो, आणि मग कळलं की याला अंत नाही, रोज कुठला ना कुठला देश नवीन नोट काढतोच. त्यापेक्षा एक कोपरा धरावा जो बंद झालेला आहे, ज्यात आता एकही नवीन नोट येणार नाही. पोर्तुगीज इंडियाच्या नोटा साधारण १८८२-८३ ला सुरू होतात आणि १९६१ ला खेळ खल्लास. कागदावर बघितलं तर यादी छोटी आहे. प्रत्यक्षात ती पुरी झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. (पाँडिचेरीच्या फ्रेंच नोटा का नाही असं विचारतात लोक, तिथला जुना फ्रेंच गव्हर्नर डुप्ले, त्याचं चित्र असलेली पन्नास रुपयांची फार देखणी आहे, मान्य, पण खिसा एकच आहे.)

तर साठचं गणित. गोव्यात तोपर्यंत चलन होतं रुपिया, आणि तो आपल्या रुपयाच्या बरोबरीने चालायचा. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या सरकारने घटना बदलून वसाहतींचं नाव काढून टाकलं आणि त्यांना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे आमच्या वसाहतीच नाहीत तर सोडायचं काय, असा एकूण पवित्रा. मग प्रांत आपलाच तर चलन भारतासारखं रुपया कसं, म्हणून १९५८-५९ मध्ये रुपिया काढून एस्कुदो आणला. दर ठरला एक रुपियाला सहा एस्कुदो. आता हे सहाने गुणायला लागा. पाच रुपियाची नोट लोकांच्या हाताला सवयीची, तिच्या जागी तीस एस्कुदो. दहाच्या जागी साठ. पन्नासच्या जागी तीनशे, शंभरच्या जागी सहाशे. झालं, कोडं सुटलं. नाव बदललं, रंग बदलला, पण बाजारात माणूस जे मोजत होता तेच मोजत राहील अशी सोय करून ठेवली.

मला यात सगळ्यात मजा कशाची वाटते तर त्याच सीरिजमध्ये शंभर एस्कुदोची आणि हजार एस्कुदोचीही नोट आहे. शंभरला सहाने भागून बघा. सोळा रुपिया, दहा तांगा आणि वर चाळीस रेइस (तांगा म्हणजे रुपियाचे सुट्टे, रेइस त्याहून बारीक). हजारला भागलं तर एकशे सहासष्ट आणि परत तेच शेपूट. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी आलेल्या बाईला या शंभरचा काय उपयोग? माझी आपली एक थिअरी आहे, पुरावा मागू नका, की तीस-साठ-तीनशे-सहाशे या नोटा गोव्यासाठी काढल्या आणि शंभर-हजार या लिस्बनच्या साहेबांना बरं वाटावं म्हणून, की बघा, आता इथेही आपल्यासारखे गोल आकडे आले. नाणी बघितली तर हे अजून उघड दिसतं. १९५८-५९ ची नाणी आहेत १०, ३० आणि ६० सेंताव्होची (शंभर सेंताव्होचा एक एस्कुदो), मग १, ३ आणि ६ एस्कुदोची. सहा म्हणजे एक रुपया, तीन म्हणजे आठ आणे. नुसतं नाव एस्कुदो.

माझ्या मावशीचं सासर डिचोलीचं, तिच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो, त्यांना मी हे एकदा विचारलं होतं. त्यांचं म्हणणं की घरात एस्कुदो कुणी बोलायचंच नाही, मासेवालीपासून दुकानदारापर्यंत सगळे भाव रुपयात सांगायचे आणि नोट हातात आली की मनात भागाकार. आणि मग मला म्हणाल्या, तू पैसे देऊन बाद झालेले पैसे विकत घेतोस? यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

वर तांगा म्हटलं, त्याबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय जुन्या नोटा वाचताच येत नाहीत. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा एक करार झाला, जकात एकत्र, मीठावर इंग्रजांचा ताबा, मुरगावची रेल्वे वगैरे सगळं त्यातलंच, आणि त्यात चलनाचंही कलम होतं. गोव्याचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्या वजनाला आणून ठेवला, त्याची नाणी १८८१ पासून चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली, वर पोर्तुगालच्या राजाचा चेहरा आणि काम इंग्रजांच्या यंत्राचं. त्याआधी गोव्यात असर्फी म्हणजे शेराफिम आणि दहा तांग्यांचा रुपया असा वेगळाच हिशेब होता. आता सोळा तांग्यांचा एक रुपिया झाला. सोळा! म्हणजे एक तांगा बरोबर एक आणा. करार १८९२ ला संपला पण हे सोळा तांगे राहिले ते थेट एस्कुदो येईपर्यंत. चार तांगे म्हणजे आपली पावली, आठ तांगे म्हणजे अधेली, कोकणातल्या माणसाला सीमेच्या अलीकडे पलीकडे वेगळं काही शिकायलाच नको.

पहिल्या नोटा याच काळातल्या, १८८२-८३ च्या. पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर आणि पाचशे रुपिया, वर राजा लुईश. या सरकारने काढलेल्या होत्या, बँकेने नाही. यातली एकही माझ्याकडे नाही आणि होणारही नाही, घर गहाण टाकायची माझी तयारी असली तरी बायकोची नाही. या नोटा लिलावात आल्या की आम्ही सगळे नुसते स्क्रीनकडे बघत बसतो. तुम्ही मुंबईत असाल तर फोर्टमध्ये सर पी. एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे तिथे एक चक्कर मारा, पोर्तुगीज आणि फ्रेंच नोटांचा विषय तिथे नीट मांडलेला आहे आणि गर्दी अजिबात नसते.

मग येते आपली बँक, बांको नासिओनाल उल्त्रामारिनो. नाव केवढं मोठं, आम्ही बीएनयू म्हणतो. १८६४ मध्ये लिस्बनला सुरू झाली, १८६८ मध्ये गोव्यात शाखा. पण गोव्यासाठी नोटा काढायचं काम तिच्याकडे आलं १९०६ मध्ये, तेव्हा पाच, दहा, वीस आणि पन्नास रुपिया अशा चार नोटा निघाल्या. या बँकेचा शिक्का म्हणजे वाफेवर चालणारं जहाज, आणि त्याभोवती तीन शब्द: कोलोनियास, कोमेर्सिओ, अग्रिकुल्तुरा. वसाहती, व्यापार, शेती. काय लपवायचं ते लपवायच्या आधीचा काळ, सगळं स्पष्ट. नोटेवर हे जहाज दिसलं की समजायचं बीएनयूची आहे, मग ती गोव्याची असो, मोझांबिकची असो की मकावची. नवखे लोक इथेच फसतात बरं का, विकणारा ‘पोर्तुगीज नोट’ म्हणून मोझांबिकची स्वस्तातली नोट गोव्याच्या भावाने गळ्यात मारतो. एस्कुदोच्या आधीची नोट असेल तर ‘इंडिया पोर्तुगेझा’ आणि रुपिया हे दोन्ही तिच्यावर वाचल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. शिक्क्याचेही दोन-तीन प्रकार आहेत, अक्षरांची मांडणी बदलत गेली, आणि आमच्यातले काही लोक भिंग घेऊन त्यावर तासनतास भांडतात. मी त्यात पडत नाही. म्हणजे फार पडत नाही.

माझा सगळ्यात लाडका भाग १९१७ चा. त्या वर्षी बीएनयूने गोव्यासाठी बारक्या नोटा काढल्या, चार तांगा, आठ तांगा, एक रुपिया आणि अडीच रुपिया. पावलीची नोट! आता गंमत बघा, त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ब्रिटिश हिंदुस्थानातही पहिली एक रुपयाची नोट निघाली, पंचम जॉर्जच्या नाण्याचं चित्र असलेली, आणि पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे परत अडीच. हा आकडा दोन्हीकडे एकाच वेळी उगाच येत नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं, चांदी आभाळाला भिडलेली, नाण्यातली चांदी नाण्याच्या किमतीला गाठायला लागली की लोक ते वितळवतात नाहीतर पुरून ठेवतात, आणि बाजारात सुट्टे मिळेनासे होतात. पोर्तुगालही १९१६ पासून युद्धात उतरलेला होता. इंग्रज सरकार कागद घेऊन एक रुपयापर्यंत खाली उतरलं, गोव्यात त्याच्याही खाली पार चार आण्यापर्यंत जावं लागलं. ती नोट हातात धरली की आकाराने एवढीशी, पण तिच्यात सगळं युरोपचं युद्ध आणि डिचोलीच्या दुकानातली सुट्ट्याची चणचण एकदम दिसते. चार तांग्याची मला मिळाली आहे, कोपरा फाटका, मध्ये घडीवर चीर. आठची अजून नाही.

पुढच्या सीरिज १९२४ ची, १९३८ ची, त्यावर मी पटकन पुढे जातो कारण मोठ्या रकमेच्या नोटा परवडत नाहीत आणि न परवडणाऱ्या गोष्टींवर लांबलचक लिहिणं म्हणजे जखमेवर मीठ. इथल्या इमारती, झाडं, प्राणी असली चित्रं आणि जुनी गलबतं, बघायला सुंदर. सामान्य माणसाचा संग्रह खरा सुरू होतो तो २९ नोव्हेंबर १९४५ तारखेच्या सीरिजपासून, पाच आणि दहा रुपियाच्या नोटा आजही मिळतात. छपाई ब्रॅडबरी विल्किन्सन या कंपनीची, इंग्लंडमध्ये. म्हणजे बघा, ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटा तोवर नाशिकला छापायला लागून सोळा-सतरा वर्षं झालेली आणि शेजारच्या पोर्तुगीज गोव्याच्या नोटा इंग्लंडहून बोटीने येतायत. उजवीकडे दाढीवाले अफोन्सो द आल्बुकर्क. हेच गृहस्थ १९५९ च्या तीसवर आणि साठवरही आहेत.

आल्बुकर्कची निवड कुणी केली माहीत नाही पण जुळून काय आलंय! १५१० मध्ये याने आदिलशहाकडून गोवा घेतला, एकदा घेतला, गमावला, परत नोव्हेंबरमध्ये घेतला, आणि त्याच वर्षी इथे टांकसाळ काढून पोर्तुगालच्या राजाच्या नावाने नाणी पाडली. गोव्यात पोर्तुगीज पैसा सुरू करणारा माणूस हाच. आणि साडेचारशे वर्षांनी शेवटच्या नोटांवर चेहरा त्याचाच. दोन वर्षं आणि साडेअकरा महिने, नोटेवरच्या तारखेपासून मोजलं तर एवढंच आयुष्य मिळालं त्या साठला. १९ डिसेंबर १९६१ ला शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हाने शरणागती पत्करली आणि भारताचा रुपया आला.

आता घेण्याबद्दल, कारण मेल येतात ते बहुतेक याच प्रश्नाचे. संग्राहकांच्या जगात करकरीत कोरी नोट म्हणजे देव, यूएनसी असा शेरा असला की किंमत दुप्पट-तिप्पट, ग्रेडिंगच्या प्लास्टिकच्या डबीत बसली की अजून वर. माझं मत इथे सगळ्यांपेक्षा वेगळं आहे आणि त्यावरून मला बोलणीही बसलेली आहेत. कोरी नोट गोव्यात कुणाच्या हातात गेलीच नाही, तिजोरीतून निघाली ती थेट कलेक्टरकडे. मला मध्यघडी असलेली, कडेला मऊ पडलेली, टाचणीच्या भोकाची नोट आवडते. कुणीतरी तिची घडी करून कमरेला खोचली, कुणीतरी गठ्ठ्यात टाचली, मागे पेन्सिलीने बेरीज केली. माझ्या एका दहा रुपियाच्या मागे कोपऱ्यात मोडीसारखं काहीतरी खरडलेलं आहे, आकडे असावेत, ती नोट मला कुठल्याही यूएनसीच्या बदल्यात देणे नाही. आणि खरं सांगायचं तर अशा नोटा स्वस्तही मिळतात, तत्त्व आणि खिसा यांचं इतकं छान जमण्याचा योग आयुष्यात क्वचित येतो.

पण वापरलेली आणि ‘सुधारलेली’ यात फरक आहे. काही महाभाग जुन्या नोटा चक्क धुतात, मग दाबून प्रेस करतात, आणि घडी गेली असं दाखवून वरच्या ग्रेडच्या भावाने विकतात. ओळखायचं कसं, तर बोटांनी. चांगल्या छपाईच्या नोटेवर शाईचा उठाव लागतो, आल्बुकर्कच्या कोटावरून नख हलकंसं फिरवलं की खरखर जाणवते, धुतलेल्या-दाबलेल्या नोटेत ती सपाट झालेली असते, आणि रंग सगळीकडे सारखाच फिका. तिरप्या उजेडात धरली की मेलेल्या घड्या उठून दिसतात. वास घ्या, लाजू नका, जुन्या कागदाला साबणाचा वास येत नाही. आणि विकणारा ‘आजोबांच्या पेटीतली आहे’ असं म्हणाला तर किंमत मनातल्या मनात तिथेच कमी करा, प्रत्येकाच्या आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज नोटा असत्या तर त्या दुर्मिळ कशाला झाल्या असत्या.

पुण्यात जुना बाजार, बुधवार-रविवार, तिथे पूर्वी अशा नोटा अधूनमधून दिसायच्या, आता विकणारे सगळे मोबाईलवर भाव बघून बसलेले असतात. नाण्यांच्या प्रदर्शनात मिळतात, फोर्टच्या फुटपाथवर क्वचित. पोर्तुगालमधून मागवायचं म्हटलं तर माल तिकडे भरपूर आहे पण टपाल, कस्टम्स, सगळं धरून हिशेब करा. आणि शंभर वर्षांवरची वस्तू इथून बाहेर पाठवायचा विचार असेल तर आधी पुरावस्तू कायदा वाचा, १९७२ चा, मग बोला.

ठेवायच्या बाबतीत एवढंच, साध्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, ते काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई ओढतं. पॉलिस्टरची, मायलर म्हणतात ती पाकिटं घ्या. लॅमिनेशन करणाऱ्यांशी मी बोलत नाही. चिकटपट्टी लावणाऱ्यांशीही नाही. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल, आणि कसर लागते त्याकडे लक्ष.

बँकेचं पुढे काय झालं हे राहिलंच. या बीएनयूकडे गोव्यातल्या लोकांनी दागिने गहाण ठेवून कर्जं काढलेली होती, आणि १९६१ मध्ये लष्कर आत येण्याआधी ते सोनं लिस्बनला हलवलं गेलं. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं तेच मुळी १९७४ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, तिकडे क्रांती होऊन सरकार बदलल्यावर. आणि दागिने परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षं. तोवर पावतीवरचं नाव असलेली किती माणसं हयात असतील याचा विचार करा, मंगळसूत्रं, पाटल्या, नातवंडांना आलेल्या. नोटेवर ‘मागता क्षणी पैसे देऊ’ या जातीचं वचन छापणाऱ्या बँका कशा असतात हे मला या एका गोष्टीने जितकं समजलं तितकं कुठल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाने नाही. पोर्तुगालमध्ये ती बँक २००१ मध्ये दुसऱ्या मोठ्या सरकारी बँकेत विलीन झाली, पण मकावमध्ये बीएनयू हे नाव अजून चालू आहे आणि ती आजही तिथल्या पताका नावाच्या चलनाच्या नोटा काढते. मी मुद्दाम त्यातली एक, अगदी चालू चलनातली दहा पताकाची, अल्बमच्या शेवटच्या पानावर ठेवली आहे, संग्रहाच्या नियमात बसत नाही तरी.

सध्या शोध आठ तांग्याचा चालू आहे. १९१७ ची, आठ तांगा, जहाजाच्या शिक्क्याची. एका व्यापाऱ्याकडे आहे पण त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो. कुणाकडे असेल, कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. फाटकी चालेल, कोपरा नसला तरी चालेल, मागे हिशेब लिहिलेला असेल तर दोन पैसे जास्त देईन. फक्त धुतलेली नको.